धुक्यासाठी एक दिवस राखून ठेवा

वाचकाचे पत्र

सादर नमस्कार. मी नाशिकमध्ये एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. वय छत्तीस. सह्याद्रीत पुष्कळ भटकंती झाली आहे, परंतु परदेशी एकटीने कधी गेलेले नाही. यंदा भाऊबीज आटोपल्यावर जाऊन-येऊन आठ दिवस हाताशी आहेत आणि चीनमधील झांगजियाजिएचे दगडी सुळके पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. एवढ्या लांब जातेच आहे तर हुआंगशान पर्वत आणि शांघायही करून यावे, असा विचार आहे. मला चिनी लिपीतले एक अक्षरही येत नाही, मी शाकाहारी आहे, आणि तिथे रोख पैसे कोणी घेत नाही असे ऐकले आहे. मी एकटीने जाणे आईला मुळीच पसंत नाही. बेत कसा आखावा, आणि मुळात जावे का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जरूर जावे, पण फक्त झांगजियाजिएला. हुआंगशान आणि शांघाय या खेपेच्या बेतातून आजच काढून टाकावेत, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. हुआंगशान आहे अनहुई प्रांतात आणि झांगजियाजिए हुनान प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात. नकाशावर दोन्ही ठिकाणे ‘मध्य-पूर्व चीन’ या एकाच शब्दात मावत असली, तरी गाड्या बदलत एकीकडून दुसरीकडे पोहोचण्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो. आठांपैकी जाण्यायेण्याचे मिळून चार दिवस धरले, तर उरतात चार. त्या चार दिवसांत दोन पर्वत आणि एक महानगर बसवले, तर तुमच्या आठवणीत प्रामुख्याने रेल्वे स्थानके राहतील.

तथापि वेळेची ओढाताण हे यामागचे दुय्यम कारण आहे. खरे कारण धुके आहे, आणि झांगजियाजिएचा कोणताही बेत त्याला मध्यभागी ठेवूनच आखावा लागतो. तिथली हवा वर्षभर दमट असते. पाऊस पडून गेल्यावर, किंवा नुसती रात्र थंड पडली तरीही, ढग दऱ्यांमध्ये उतरून बसतात आणि कधी तासाभरात उठतात, तर कधी दिवसभर हलतच नाहीत. सुळक्यांच्या राष्ट्रीय उद्यानात युआनजियाजिए नावाचे पठार आहे; त्यावरील सज्जावर अशा सकाळी उभे राहिले, तर कठड्यापलीकडे केवळ पांढरा पडदा असतो. शेकडो माणसे त्या पडद्याकडे फोन धरून उभी असतात, गटांचे मार्गदर्शक छोट्या ध्वनिवर्धकांवरून न दिसणाऱ्या सुळक्यांची नावे सांगत असतात आणि ठरलेल्या वेळी आपापला गट पुढे हाकतात. मग केव्हातरी वारा फिरतो, पडद्याला वीतभर फट पडते आणि त्या फटीतून, आपण जिथे पाहत होतो त्याच्या कितीतरी वर, एका सुळक्याचा माथा आणि त्यावर कडेला वाकून वाढलेली पाइनची झाडे दिसतात. ज्यांच्याकडे थांबायला वेळ असतो, त्यांनाच ते दिसते. एका दिवसाचा मुक्काम ठेवणाऱ्याने पैसे भरलेले असतात, प्रवास केलेला असतो आणि पाहिलेले काहीच नसते. म्हणून चारांपैकी तीन दिवस उद्यानासाठी ठेवावेत, आणि त्या तिनांमधला एक धुक्याने खाल्ला तर खाल्ला, असे आधीच गृहीत धरावे.

उद्यानाचे तिकीटही याच पद्धतीला सोयीचे आहे. ते चार दिवस चालते, तुमच्या पासपोर्टशी जोडलेले असते, रोज बाहेर येऊन दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येते, आणि आतल्या बसगाड्यांचे भाडे त्यातच धरलेले असते. रज्जुमार्ग आणि उद्वाहक (लिफ्ट) यांचे पैसे मात्र वेगळे पडतात.

तुम्ही भूगोल शिकवता, त्यामुळे त्या दगडाविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, काळ्या बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झांगजियाजिएचा दगड आहे क्वार्ट्‌झयुक्त वालुकाश्म, म्हणजे प्राचीन समुद्रकाठी साचलेली आणि दडपून घट्ट झालेली वाळू. तिचे वय सुमारे अडतीस कोटी वर्षे. हे थर जवळजवळ आडवे राहिले आणि त्यांना उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांत पाणी शिरले, हिवाळ्यात गोठून फुगले, झाडांच्या मुळांनी त्या आणखी रुंदावल्या, आणि कडेचा दगड उभ्या फळ्यांनी सुटत गेला. पठार आधी भिंतींत, मग भिंती सुळक्यांत तुटत गेल्या. युनेस्कोच्या नोंदीनुसार वुलिंगयुआन परिसरात, म्हणजे हे उद्यान ज्यात येते त्या भागात, असे तीन हजारांहून अधिक सुळके आणि शिखरे आहेत, त्यांतील अनेक २०० मीटरपेक्षा उंच आहेत, आणि सुमारे २६,००० हेक्टरांचा हा परिसर १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पठार, भिंत, सुटा सुळका आणि कोसळून उरलेला ढीग या चारही अवस्था एकाच दिवसाच्या चालण्यात नजरेला पडतात. वर्गात दाखवण्यासाठी छायाचित्रे काढायची असतील, तर या क्रमाने काढावीत.

उंचीची चिंता नको. तियानझी पर्वताचा माथा १,२६२ मीटर आहे, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईहूनही कमी. परंतु सह्याद्रीतल्या भटकंतीची सवय घेऊन तिथे जाल, तर एक अपेक्षा बदलावी लागेल. तिथे वाट शोधावी लागत नाही आणि वाट सोडताही येत नाही. सगळीकडे बांधीव दगडी पायऱ्या, कठडे, पाट्या, खाण्याच्या टपऱ्या आणि बसथांबे आहेत. कड्याला लागूनच बाइलोंग नावाचा ३२६ मीटर उंचीचा उद्वाहक आहे, जो दोन मिनिटांच्या आत दरीतून पठारावर नेतो. काही गिर्यारोहक मित्रांना हे सारे खटकते. मला ते समजते. पण जी जागा दरवर्षी लाखो पायांखाली जाते, तिथे बांधलेली वाट हीच त्या जंगलाची राखण आहे, आणि एकट्या प्रवाशाला तर ती मोठाच आधार आहे. वाट चुकण्याची भीती जवळजवळ उरत नाही.

नावांचा गोंधळ मात्र आधी सोडवून घ्यावा, कारण अनेकांची आरक्षणे इथेच चुकतात. झांगजियाजिए हे एका शहराचे नाव आहे. विमानतळ आणि रेल्वे स्थानके तिथे आहेत. सुळक्यांचे राष्ट्रीय वनोद्यान तिथून तासाभराच्या बसप्रवासावर आहे. १९८२ साली स्थापन झालेले ते चीनमधील पहिले राष्ट्रीय वनोद्यान. तियानमेन पर्वत हे तिसरेच ठिकाण, अगदी शहराला लागून, वेगळ्या तिकिटाचे. आणि काचेचा पूल ज्या घळीवर आहे, ती ‘महादरी’ चौथ्या ठिकाणी, तिचेही तिकीट वेगळे. काचेचा पूल तुम्ही सोडून द्यावा, असे माझे मत आहे. २०१६ साली सुरू झालेला, ४३० मीटर लांबीचा, दरीवर सुमारे ३०० मीटर उंच टांगलेला तो पूल अभियांत्रिकी म्हणून मोठा आहे, पण तुम्ही ज्या दगडासाठी जात आहात तो तिथे नाही, आणि अर्धा दिवस त्यापायी जातो.

मुक्काम वुलिंगयुआन गावात करावा, उद्यानाच्या पूर्व प्रवेशद्वारापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. शहरात राहून रोज ये-जा केल्यास सकाळचा सर्वांत मोलाचा वेळ बसमध्ये जातो. आरक्षण करताना ते हॉटेल परदेशी पाहुण्यांना ठेवून घेते का, हे लेखी विचारून घ्यावे. चीनमध्ये प्रत्येक परदेशी प्रवाशाची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करते, परंतु काही लहान घरगुती निवासांना ती पद्धत माहीत नसते आणि मग रात्री दारातून परत फिरण्याची वेळ येते. एकटीने प्रवास करताना हा धोका पत्करू नये.

आता दिवसांचा क्रम. तो तारखेनुसार न ठरवता रोज सकाळी आकाश पाहून ठरवावा. वर ढग असतील, त्या दिवशी खाली राहावे: दरीतून वाहणाऱ्या जिनबियान ओढ्याच्या काठाने सुमारे साडेसात किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे, दोन्ही बाजूंना सुळक्यांचे पायथे अगदी हाताच्या अंतरावर असतात, आणि ढगांनी माथे झाकले तरी पायथे दिसतातच. पावसाच्या दिवशी ही वाट उलट अधिक देखणी होते, कारण ओढ्याला पाणी येते आणि गर्दी वर उद्वाहकाच्या रांगेत असते. आकाश मोकळे असेल, त्या दिवशी काहीही न करता थेट वर जावे. प्रवेशद्वार उघडताच आत शिरून तियानझी पर्वतावर रज्जुमार्गाने पोहोचावे, तिथून दुपारी बसने युआनजियाजिएला यावे. तिथे दोन सुळक्यांना जोडणारा नैसर्गिक दगडी पूल आहे, दरीच्या तळापासून ३५७ मीटर उंचीवर. तो आणि त्याच्या आसपासचे सज्जे पाहून संध्याकाळी उद्वाहकाने खाली उतरावे. बहुतेक गट सकाळी उद्वाहकाने वर चढतात, त्यामुळे उलट्या दिशेने जाणाऱ्याला रांगा कमी लागतात. तिसरा दिवस उद्यानातल्याच यांगजियाजिए या भागासाठी ठेवावा. तिथे दगडी भिंती आहेत, माणसे कमी आहेत, आणि तियानबो फू नावाच्या शेवटच्या ठिकाणी अरुंद लोखंडी शिड्या चढून जावे लागते. हात-पाय ओले असतील तर त्या शिड्या टाळाव्यात. उद्यानातल्या शेवटच्या दिवशी थोडे बळ उरले असेल आणि दक्षिण प्रवेशद्वाराकडे जाणे जमले, तर हुआंगशिझाईचे पठारही आहे. ते न चढणाऱ्याची झांगजियाजिएची फेरी वाया गेली, असे तिथले लोक म्हणतात. मी म्हणेन की यांगजियाजिए आणि हुआंगशिझाई यांपैकी एकच निवडायचे झाल्यास यांगजियाजिए निवडावे.

तियानमेन पर्वत चौथ्या दिवशी, शहरात मुक्काम हलवून करावा. शहरातूनच सुटणारा त्याचा रज्जुमार्ग जवळजवळ साडेसात किलोमीटर लांब आहे आणि घरांच्या, शेतांच्या, मग कड्यांच्या वरून जातो. डोंगराच्या आरपार गेलेली तियानमेन गुहा १३१.५ मीटर उंच आहे. तिच्याकडे ९९९ पायऱ्यांनी जाता येते, किंवा डोंगराच्या पोटात बसवलेल्या सरकत्या जिन्यांनी. इथे तिकिटाला दिवस आणि वेळ दोन्ही ठरवून घ्यावी लागतात, त्यामुळे धुक्यापुढे उपाय उरत नाही. म्हणूनच तो शेवटी ठेवावा आणि त्याचे तिकीट हवामानाचा अंदाज पाहून, दोन-तीन दिवस आधी काढावे. अंदाज वाईट असेल तर तियानमेन सोडून तो दिवस उद्यानालाच द्यावा. तिकीट अजून चालूच असते.

गुडघ्यांविषयी एक सूचना. चढताना पायऱ्या, उतरताना उद्वाहक किंवा रज्जुमार्ग. सह्याद्रीतली माणसे नेमके उलट करतात, कारण चढण्याचा दम वाचवावासा वाटतो. पण तिथल्या ओल्या, गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर सलग हजारो पावले उतरणे हेच पाय मुरगळण्याचे मुख्य कारण आहे, आणि एकट्या प्रवाशाच्या बाबतीत मुरगळलेला पाय हा त्या उद्यानातला सर्वांत संभाव्य अपघात आहे. छत्री नको, पावसाळी झगा घ्यावा; अरुंद वाटेवर छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि आपला एक हात अडकतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि दरीत त्याआधीच अंधारते. आतल्या बसगाड्यांच्या शेवटच्या फेरीची वेळ रोज सकाळी आत शिरताना विचारून घ्यावी, पाटीचे छायाचित्र काढावे आणि त्या वेळेच्या तासभर आधी थांब्यावर असावे.

जिनबियान ओढ्याकाठी माकडे आहेत आणि ती निर्ढावलेली आहेत. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. एखादे माकड कठड्यावर शांत बसलेले असते, माणूस खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो, पुडा कुरकुरतो, आणि दुसऱ्याच क्षणी ते माकड त्याच्या दंडावर असते. तुम्ही सप्तशृंगीवर हे पाहिले असेलच. त्या टप्प्यात खाणे पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवावे, हातात पिशवी धरू नये, त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजच्या लशीत दिरंगाई चालत नाही.

ऋतू तुम्ही चांगला निवडला आहे. वसंत ऋतूच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, विशेषतः एप्रिल ते जून, तिथे पावसाचे महिने असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि मेच्या सुरुवातीला कामगार दिनाची सुट्टी असते, तेव्हा संपूर्ण चीन फिरायला निघतो आणि एकेका उद्वाहकाला काही तासांची रांग लागते. या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे तुमचे दिवस ती गर्दी ओसरल्यानंतर आणि हिवाळा कडक होण्यापूर्वी येतात. पठारावर पहाटेचे तापमान एक आकडी असेल. थंडीचे कपडे पातळ थरांचे असावेत.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच लागतो. काही देशांच्या नागरिकांना चीनमध्ये दहा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येते, त्या सवलतीच्या यादीत भारत नाही. आंतरजालावरच्या परदेशी प्रवाशांच्या चित्रफिती पाहून अनेकांचा इथे गैरसमज होतो. अर्ज मुंबईत करता येईल. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी, आणि रोजचा मुक्काम कुठे हे सांगणारा कार्यक्रम सोबत जोडावा. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करणे सोयीचे. एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर मधेच हाँगकाँगला बाहेर पडू नये, कारण हाँगकाँगमध्ये शिरताच चीनचा तो प्रवेश संपला असे धरले जाते.

दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली, आधी कोलकाता ते ग्वांगझू आणि मग दिल्लीहून. मुंबईहून एका थांब्याने ग्वांगझू किंवा हुनानची राजधानी चांगशा गाठावी. ग्वांगझूहून चांगशापर्यंत वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तास, चांगशाहून झांगजियाजिए पश्चिम स्थानकापर्यंत दोन ते तीन तास. शेवटच्या टप्प्यासाठी मी विमानापेक्षा रेल्वेच सुचवेन. धुक्यामुळे डोंगराळ विमानतळावरची विमाने अडकतात, शिवाय २०२५ च्या जूनअखेरपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिथल्या प्रमाणनाचे, म्हणजे थ्री-सी चिन्हाचे, नसलेले पॉवर बँक नेण्यास मनाई आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉवर बँकांवर ते चिन्ह नसते आणि सुरक्षा तपासणीत ते काढून घेतात. रेल्वेची तिकिटे पासपोर्टवरच्या नावानेच निघतात आणि साधारण पंधरा दिवस आधी विक्रीस येतात. स्थानकावर यांत्रिक फाटक भारतीय पासपोर्ट वाचत नसेल, तर बाजूला कर्मचारी असलेल्या रांगेतून जावे. तेवढ्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.

पैशांच्या बाबतीत तुम्ही ऐकले ते अर्धे खरे आहे. तिथले व्यवहार अलीपे आणि वीचॅट या दोन ॲपवर चालतात, आणि परदेशी व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड त्यांना जोडता येते. अडचण आपल्या बाजूची आहे: वीचॅट २०२० च्या जूनपासून आणि अलीपे त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून भारतात बंदीखाली आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी घरी बसून ही ॲप तयार ठेवता येत नाहीत. भारताबाहेर पडल्यावर काही फोनांवर ती घेता येतात, काहींवर येत नाहीत. तेव्हा मिळाले तर उत्तम, परंतु बेत रोख रकमेवरच उभारावा. चीनमध्ये दुकानदाराने रोख नाकारणे नियमबाह्य आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती सुट्ट्यांची. अधिकृत विनिमय केंद्रातून युआन घेताना दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मागून घ्याव्यात. मोठे खर्च, म्हणजे हॉटेल, रेल्वे आणि उद्यानाची तिकिटे, भारतातूनच कार्डावर आगाऊ करून टाकावेत. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर सुरू करून घ्यावा. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो. बँक ऑफ चायनाच्या एटीएममधून व्हिसा आणि मास्टरकार्डवर रोख निघते. दुसरे कार्ड दुसऱ्या बँकेचे असावे आणि ते हॉटेलच्या खोलीत, पासपोर्टपासून वेगळे ठेवावे.

गूगल आणि व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाहीत, पण आपल्याच सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेतला, तर विदा (डेटा) आपल्या कंपनीच्या जाळ्यातून येत असल्याने ती साधारणपणे चालतात. हॉटेलच्या वायफायवर चालणार नाहीत. बँकेचा ओटीपीही याच सिमवर येतो, म्हणून हा खर्च वाचवू नये. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून घ्यावी, म्हणजे जाळे नसतानाही पाटीसमोर फोन धरून वाचता येईल. आणि हॉटेलचे नाव, पत्ता, दूरध्वनी चिनी लिपीत छापलेला एक कागद कायम खिशात असावा. टॅक्सीचालकाला रोमन लिपीतले नाव वाचता येईलच असे नाही.

जेवणाचा प्रश्न तुम्ही एका ओळीत लिहिला आहे, पण तो वाटतो तितका छोटा नाही. हुनानचे जेवण झणझणीत असते, मिरचीला ते लोक घाबरत नाहीत, त्यामुळे चवीच्या दृष्टीने मराठी जिभेला ते परके वाटणार नाही. अडचण आहे डुकराच्या चरबीची आणि मांसाच्या रश्शाची. नुसती परतलेली भाजीही त्यात केलेली असू शकते, आणि ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मांसाचे तुकडे काढून उरलेले वाढले जाते. म्हणून मांस, मासे, चरबी आणि मांसाचा रस्सा यांतले काहीही नको, तेल वनस्पतीचे हवे, असे स्वच्छ चिनी लिपीत लिहून घेतलेले कार्ड स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात द्यावे. टोमॅटो, वांगे, बटाट्याचा कीस, पालेभाज्या, टोफू आणि वाफवलेला भात जवळजवळ सगळीकडे मिळतात. पदार्थ बोटाने दाखवून निवडता येतील अशी छोटी उपाहारगृहे वुलिंगयुआनमध्ये आहेत. अंडे चालत असेल तर काम फारच सोपे होते. दुपारच्या जेवणासाठी उद्यानातील टपऱ्यांवर अवलंबून राहू नये. घरचा चिवडा, भडंग, सुकी चटणी बंद पाकिटात न्यावी. ताजी फळे, भाज्या आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत. चिनी सीमाशुल्क विभाग ते काढून घेतो. दिवाळीचा फराळ भरताना आईने पेढे आणि खव्याच्या करंज्या डब्यात घातल्या तर त्या घरीच ठेवाव्या लागतील.

शेवटी आईंचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘चीन सुरक्षित आहे, रात्री बायका एकट्या फिरतात’ हे खरे आहे, पण हे वाक्य आईंना पटवणार नाही, कारण त्यांची भीती गुन्ह्याची आहे असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. मुलीला काही झाले तर आपल्याला कळणार कसे आणि आपण करणार काय, ही ती भीती असावी, आणि ती रास्त आहे. तिला उत्तर द्यायचे ते व्यवस्थेने द्यावे. एक कागद मराठीत तयार करावा. त्यावर रोजचा मुक्काम, हॉटेलचा दूरध्वनी, गाड्यांचे क्रमांक, विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आणि विम्याचा क्रमांक असावा. विमा रुग्णालयाचा खर्च आणि डोंगरातून हलवण्याचा खर्च दोन्ही भरून देणारा घ्यावा. हुनान प्रांत भारताच्या ग्वांगझू येथील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. त्याचा आपत्कालीन क्रमांक दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२० आणि चीनच्या स्थलांतर विभागाची इंग्रजीतही उत्तर देणारी १२३६७ ही सेवा, असे तीन क्रमांक असावेत.

मग रोजची एक वेळ ठरवावी. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. आपल्याकडचे संध्याकाळचे सहा, म्हणजे तिथले साडेआठ, ही वेळ चांगली; तोपर्यंत तुम्ही खोलीवर आणि जेवून मोकळ्या असाल. रोज सहाला एक निरोप. सातपर्यंत आला नाही तर आईंनी फोन करायचा. आठपर्यंत लागला नाही तर तुमच्या एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्या भावंडाने किंवा सहकाऱ्याने हॉटेलला फोन करून ‘पाहुण्या खोलीवर परतल्या का’ एवढेच विचारायचे. हॉटेललाही नीट सांगता आले नाही, तर दूतावासाला कळवायचे. हे काम कोण करणार, त्या व्यक्तीला आधी विचारून, तिचे नाव कागदावर लिहावे. तुम्ही दुपारी वेगवेगळ्या सज्जांवरून छायाचित्रे पाठवत राहण्याची मुळीच गरज नाही. तसे केले आणि एखाद्या दरीत जाळे गेले, तर घरी विनाकारण घालमेल होते.

हा कागद आईंना निघण्याच्या आदल्या दिवशी न देता, व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच द्यावा आणि त्यांच्यासमोर बसून वाचावा. त्या प्रश्न विचारतील, त्यातले काही तुम्हाला सुचलेही नसतील, आणि त्यांची उत्तरे शोधून कागदावर चढवायला तुमच्याकडे तेव्हा पुरेसा वेळ असेल.